कॅनचंच पाणी

राजशेखरचा फोन आला तेव्हा मी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. दिवसभरात तीन घरचे टँक साफ करून झाले होते, त्यातले दोन तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट असलेल्या इमारतीत मासे पाळायचे नाहीत असा कोल्हापूरकरांनी बहुधा ठराव केलेला आहे. फोन वाजत राहिला असता तरी काही बिघडलं नसतं, पण सवय वाईट. उचलला.

“मॅडम, त्या ॲनिमोनला कायतरी झालंय,” तो म्हणाला. “चार दिवस झालं, तोंड उघडं टाकून पडलंय. जगंल न्हवं?”

“न बघता काय सांगू? उद्या येते.”

“आज न्हाय व्हायचं?”

“आज माझंच तोंड उघडं पडलंय,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर वाईट वाटलं. त्याला तसं तोडायला नको होतं, कारण तो माशांसाठी फोन करत नव्हता हे मला माहीत होतं.

मी बावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला रामराम. दोन वर्षांपूर्वी पुरेशी मुलं आली नाहीत म्हणून वर्गच बंद झाला आणि मीही. तेव्हापासून लोकांच्या घरचे माशांचे टँक सांभाळते. स्कूटीला पुढं दोन बादल्या, मागं पाइप आणि जाळ्या. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटतात, “मॅडम, आता काय करता?” म्हणून विचारतात, आणि बादल्यांकडं बघून उत्तराची वाट न बघता जातात. गोड्या पाण्याचे टँक कोल्हापुरात पोत्यानं आहेत. खाऱ्या पाण्याचे माझ्याकडं फक्त पाच. समुद्र इथून शंभर किलोमीटरवर, मध्ये घाट, आणि हौस मात्र दिवाणखान्यात समुद्र आणायची. नाकापेक्षा मोती जड.

राजशेखरचं शाहूपुरीत मशिनच्या पट्ट्यांचं आणि बेअरिंगचं दुकान आहे. मंडळी मूळची गडहिंग्लजकडची, लिंगायत. घरात तिघंच: तो, बायको सौंदर्या आणि आई मल्लव्वा. गेल्या वर्षी श्रावणात सौंदर्याचं पाचव्या महिन्यात गेलं. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर राहिलेलं ते. त्यानंतर तिनं पतसंस्थेतली नोकरी सोडल्यासारखीच केली, खोलीतनं बाहेर येईना, बोलेना. दिवाळीत तो तिला जबरदस्तीनं रत्नागिरीला घेऊन गेला. तिथल्या मत्स्यालयात एका काचेपुढं ती पाऊण तास उभी राहिली आणि म्हणाली, “हे घरात ठेवता येतं?” तीन महिन्यांतलं तिचं ते पहिलं धड वाक्य. ते त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाईक उभं असताना.

त्या काचेत होतं ते ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचं, पण तो प्राणी आहे. एका पायानं खडकाला धरून बसतो, मधोमध तोंड, भोवती गुबगुबीत बोटं. हाड नाही, डोळा नाही, पळून जायची सोय नाही. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउन मासे त्याच्या बोटांत शिरून झोपतात आणि तो त्यांना काही करत नाही. हा प्राणी नवख्यानं पाळू नये असं मी राजशेखरला चारदा सांगितलं. त्यानं पाचव्यांदा विचारलं. मग टँक मांडून, पाणी मुरवून, तीन महिने त्याला थांबवून फेब्रुवारीत मी ते आणून दिलं. सौंदर्या पुन्हा कामाला जायला लागली. संध्याकाळी आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून टँकपुढं बसायची. मल्लव्वा तिथंच चहा आणून द्यायची.

आणि हे सांगायलाच हवं: त्या घरात कधी अंडं आलं नव्हतं. ॲनिमोनला आठवड्यातून एकदा कोळंबीचा तुकडा लागतो. तो फ्रीजमध्ये ठेवायचा प्रश्न निघाला तेव्हा राजशेखरचा चेहरा पडला होता. मल्लव्वानं मात्र फ्रीजचा सगळ्यात खालचा कोपरा रिकामा केला, डबा ठेवू दिला, आणि फ्रीजच्या दारावर बोटानं विभूतीचे तीन पट्टे ओढले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. ॲनिमोन खरंच आजारी होतं. बोटं सुकलेल्या गवारीसारखी बारीक झालेली आणि तोंड सैल. निरोगी असलं की हे तोंड घट्ट मिटलेलं असतं. मी खारटपणा मोजला, तापमान मोजलं, अमोनिया, नायट्रेट, सगळ्या कुप्या भरून रंग बघितले. सगळं जिथल्या तिथं. आजारी माणसाचे रिपोर्ट नॉर्मल आले की डॉक्टर चिडतो, तशी मी चिडले.

माझा एक अनुभव आहे. टँक आजारी पडला की घरातलं कोणीतरी खोटं बोलत असतं. कोणी दुप्पट खाणं घालतं, कोणी नळाचं पाणी ओततं आणि विचारलं की तोंडावर नाही म्हणतं. म्हणून मी वकिलासारखी उलटतपासणी घेते.

“रोजची भर कोण घालतं?” मी विचारलं. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी उडतं. मीठ मागं राहतं, म्हणून उडालं तितकं साधं शुद्ध पाणी रोज घालावं लागतं. त्यासाठी गॅलरीत आरओच्या पाण्याचा पांढरा कॅन ठेवलेला होता.

“मी घालतो की,” मल्लव्वा म्हणाली. ती सोफ्याच्या कडेला, पाहुण्याच्या घरी बसावं तशी बसलेली होती. “पाडव्यापासनं मीच घालतो. ही दोघं जात्यात कामाला.”

“कुठलं पाणी?”

“कॅनचंच की.”

“नळाचं नाही ना घातलं कधी? एखाद्या दिवशी कॅन संपला म्हणून?”

“आईशप्पथ न्हाय. कॅनचंच. त्या रेघेपतूर. राजूनं रेघ मारून दिल्या.”

राजशेखरनं मान डोलावली. आठवड्याला एक कॅन बरोबर संपत होता, त्यानं हिशेब ठेवला होता. मग मला दिवा दिसला. टँकवरचा दिवा त्यानं परस्पर बदलून जास्त झगझगीत आणला होता. झालं, मला गुन्हेगार सापडला. मी त्याला अर्धा तास झापलं. विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही म्हणून बजावलं होतं की नाही, हा बेअरिंगचा धंदा नाही, वगैरे. तो मान खाली घालून ऐकत राहिला. जुना दिवा परत लावून मी निघाले आणि जिन्यात स्वतःवर खूश झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मला नंतर कळायचं होतं.

चार दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा ॲनिमोननं खडकावरचा पाय सोडलेला होता. वाळूत आडवं पडून तोंडातनं तपकिरी धागे सोडत होतं. हा प्राणी पाय सोडतो म्हणजे आता इथं राहण्यात अर्थ नाही असं त्याला वाटतं. कोपऱ्यात तीन गोगलगायी उताण्या पडल्या होत्या, मेलेल्या. काच साफ करणारी छोटी कोळंबी आठवडाभर दिसली नाही म्हणे. क्लाउन मासे मात्र ठणठणीत. मला बघून खाणं मागायला वर आले.

तिथंच मला कळायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरानं ओळखलं असतं. पण त्या दिवशी मे महिन्यातलं ऊन होतं, आधी दोन घरं झाली होती, कंबर धरली होती, आणि मला फक्त कोणावर तरी ओरडून घरी जायचं होतं. खाणं जास्त पडतंय म्हणून मी राजशेखरला पुन्हा झापलं, चार बादल्या पाणी बदललं. मी पाइप गुंडाळत असताना सौंदर्या आली. नेहमीसारखी पर्स खांद्यावर ठेवून टँकपुढं बसली. आडवं पडलेलं ॲनिमोन तिनं बराच वेळ बघितलं.

“मरणार व्हय हे?” तिनं विचारलं.

“मरू देणार नाही,” मी म्हटलं.

आमच्या धंद्यात असं बोलायचं नसतं. बोलून गेले, दमलेल्या माणसाची जीभ सैल असते. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

“डॉक्टर पण असंच म्हणल्या व्हत्या,” ती म्हणाली.

मल्लव्वा चहाचा कप घेऊन आली होती, ती तशीच मागं फिरली. राजशेखर मला खाली स्कूटीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “मॅडम, हे गेलं तर ती परत खोलीत जाऊन बसंल. मला नक्की म्हायतीय. मग मी काय करू?” मी बादल्या अडकवल्या आणि निघाले.

पाणी बदलल्यावर दोन दिवस ॲनिमोन जरा फुललं. राजशेखरनं फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आक्रसलं. रविवारी सकाळी गॅसपुढं उभी राहून मी ते फोटो बघत होते. पाणी बदललं की बरं, मग पुन्हा आजारी. म्हणजे रोज पाण्यातनंच काहीतरी जातंय. मासे धडधाकट आणि गोगलगाय, कोळंबी, ॲनिमोन, म्हणजे पाठीचा कणा नसलेलं जे जे, तेवढंच मरतंय. चहा उतू गेला तरी मला भान नव्हतं. तांबं! माशांना जे तांबं सहज सोसतं, त्याच्या कणभरानं हे प्राणी मरतात. बावीस वर्षं हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, आणि पोरांनी चुकवलं की लाल शाईनं रेघ मारली होती.

कपाटात तांबं तपासायची जुनी पेटी होती. ती घेऊन साडेनऊला त्यांच्या दारात उभी राहिले. रविवार म्हणून तिघंही घरी होती. टँकमधलं पाणी कुपीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी हळूहळू पिवळसर झालं. राजशेखर माझ्या खांद्यावरून बघत होता.

“काय हाय ते?”

“तांबं. कुठनं आलं ते सांग. मासे आजारी दिसले म्हणून बाजारातलं कसलं औषध ओतलंस? त्यात मोरचूद असतं, माहीत आहे?”

“न्हाय ओ, मॅडम.” त्यानं शर्टाच्या आत हात घालून गळ्यातलं लिंग धरलं. “ह्याच्यावर हात ठेवून सांगतो. थेंबभर कायबी घातलं न्हाय.”

मी पंप उघडला. स्क्रू तपासले, हीटर काढून बघितला, काच घासायचं चुंबक फोडून बघितलं. कुठं तांब्याचा अंश नाही. दिवाणखानाभर ओल्या वस्तू पसरल्या. सौंदर्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बघत होती. कॅनमधलं पाणी तपासलं, तर ते स्वच्छ. थेंब टाकले तरी रंग नाही. मग रोज जातंय ते काय? मी टॉवेलला हात पुसले आणि सोफ्याकडं वळले.

“मावशी, तुम्ही रोज जसं पाणी घालता तसं मला घालून दाखवा. अगदी तसंच.”

“आत्ता?”

“आत्ता.”

मल्लव्वा उठली आणि गॅलरीकडं न जाता देवघराकडं गेली. तिथनं कमरेवर कळशी घेऊन आली. तांब्याची. चिंचेनं घासून लखलखीत केलेली, वर ताटली झाकलेली, पोटावर विभूतीची बोटं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते मी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं, आणि मला हसू आलं नाही.

“हे कॅनचं पाणी?” मी विचारलं.

“कॅनचंच की,” ती म्हणाली. “सांजच्याला कॅनचं ह्यात ओतून ठेवतो, सकाळी घालतो. त्या प्लॅस्टिकातलं पाणी मी चाखून बघितलंतं. मेलेलं हाय ते, चवच न्हाय त्येला. रातभर तांब्यात ऱ्हायलं की पाण्याला जीव येतोय. हिचा सगळा जीव हाय त्या फुलात. त्येला तसलं पाणी कसं घालू?”

म्हणजे त्या घरात कोणीच खोटं बोललं नव्हतं. ह्या शक्यतेचा मी विचारच केला नव्हता. दहा दिवसांची वणवण, दोनदा चुकलेलं निदान, राजशेखरला विनाकारण दिलेल्या शिव्या, सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं.

“अहो मावशी, विष घालताय तुम्ही त्याला!” मी ओरडले. “रोज सकाळी उठून विष! पाणी उडून जातं, तांबं मागं राहतं. दोन महिने रोज साठत गेलंय ते आत. हातानं मारलंत तुम्ही त्याला!”

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. बोलतानाच मला ते कळलं होतं आणि तरी तोंड थांबलं नाही. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

“अव्वा,” राजशेखर म्हणाला, “तुला सांगितलं व्हतं न्हवं, कॅनचंच...”

“कॅनचंच हाय की रे,” ती हळू आवाजात म्हणाली.

सौंदर्या दारातच होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं आणि कामाला लागले. तांबं शोषणारी कोळशाची पिशवी फिल्टरमध्ये बसवली. राजशेखरला मिठाचं तयार पाणी आणायला लावलं, नळी तोंडानं ओढून बादलीत सोडली. निम्मं पाणी तरी बदलायला हवं होतं, आणि उद्या पुन्हा, आणि परवा पुन्हा. ॲनिमोन जाळीच्या डब्यात घेऊन टँकमध्येच बाजूला ठेवलं. हाताला त्याची बोटं चिकटली, थोडीशीच. पार मेलं असतं तर चिकटली नसती. पण ह्यावरनं जगेल असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

मल्लव्वा जमिनीवर बसली होती. कळशी मांडीत.

“बाई,” तिनं मला हाक मारली. “ह्या फुलाला हाड न्हाय म्हणला हुतासा न्हवं तुम्ही?”

“नाही हाड.” मी नळी धरून खाली वाकले होते.

“समदं मऊच.”

“हो.”

“मग मऊ जिवाला तांबं बाधतंय.”

“बाधतं,” मी म्हटलं. बादली भरत आली होती, माझं लक्ष तिकडं.

“मग पोटातल्या जिवाला पण बाधत आसंल.”

मी नळी चिमटीत दाबली आणि वर बघितलं. तिचा चेहरा कोरडा होता. ती माझ्याशी बोलत नव्हतीच, सुनेकडंही बघत नव्हती. कळशीच्या तोंडात बघत होती.

“पाच म्हैनं दिलं मी हिला,” ती म्हणाली. “रोज सकाळी उठलं की पयला तांब्या भरून हिच्या उशाशी ठेवायचो. ह्याच कळशीतला. पोराची हाडं बळकट व्हत्यात म्हणून.”

“मावशी, नाही,” मी म्हटलं. “माणसाचं तसं नसतं. माणसाच्या अंगाला थोडं तांबं लागतंच. तुम्ही जन्मभर पिताय ना? तुमच्या आईनं, तुमच्या आजीनं...”

“बाई, तुम्हीच म्हणलासा. विष म्हणून.”

“ते ह्या प्राण्याला. अहो, चॉकलेटनं कुत्रं मरतं, माणूस मरतो का?”

“अव्वा, डॉक्टरांनी सांगितलंय कशानं गेलं ते,” राजशेखर म्हणाला. “पिशवीचं तोंड उघडलं व्हतं. पाण्याचा काय संबंध त्येच्यात?”

“तोंड उघडलं व्हतं,” ती म्हणाली आणि टँकमधल्या जाळीच्या डब्याकडं बघितलं.

बावीस वर्षं शिकवलं मी. न समजणाऱ्याला समजावणं एवढी एकच गोष्ट मला येते असं मी समजत होते. आणि त्या बाईला मी एक शब्द समजावू शकत नव्हते, कारण तिला मी आधीच, ओरडून, दुसरं काहीतरी पक्कं समजावून ठेवलं होतं. मी आणखी दोन-तीन वाक्यं बोलले. विज्ञानाची होती, खरी होती. ती मान हलवत राहिली, नको असलेल्या पाहुण्याचं ऐकावं तशी.

सौंदर्या दारातनं निघाली आणि पाण्यानं भिजलेल्या फरशीवरच सासूपुढं बसली. तिनं मांडीतली कळशी काढून बाजूला ठेवली.

“अत्ती,” ती म्हणाली. “ते पाणी मी कधी प्यालोच न्हाय.”

मल्लव्वानं वर बघितलं.

“मला वास यायचा त्याचा. उलटी व्हायची नुसतं तोंडाजवळ नेलं तरी. तुम्ही तांब्या ठेवून पूजेला बसलासा की मी न्हाणीत जाऊन ओतत व्हतो. पयल्या दिवसापासनं. रोज. तुम्हास्नी वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय, आणि रिकामा तांब्या आणून ठेवायचो.” तिनं कळशी आणखी लांब सरकवली. “तुम्ही विचारायचासा, प्यालीस का म्हणून. मी व्हय म्हणायचो. खोटं बोलत व्हतो.”

तिला एका दमात इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मीही कधीकाळी सून होते. सासूनं पहाटे उठून हातानं भरून ठेवलेलं पाणी पाच महिने मोरीत ओतलं, आणि वर तोंडानं प्याले म्हणून सांगितलं, हे कुठल्या घरात कबूल करता येतं? एरवी एवढ्यावर वर्षभर अबोला चालला असता. माहेरचा उद्धार झाला असता. राजशेखर बादली हातात घेऊन जागच्या जागी उभा होता, आणि माझी नळी अजून चिमटीतच होती.

मल्लव्वानं सुनेचं मनगट धरलं.

“खरं सांगतीस?”

“खरं.”

“एक घोट पण न्हाय?”

“एक पण न्हाय.”

“मला बरं वाटावं म्हणून बोलत न्हाईस न्हवं? माझ्या डोक्यावर हात ठेव.”

सौंदर्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “अत्ती, पोटात माझ्या त्यातला एक थेंब गेला न्हाय. न्हाणीतल्या मोरीला विचारा.”

म्हातारी मोठ्यानं रडायला लागली. इतका वेळ कोरडी होती ती एकदम फुटली, सुनेच्या मांडीवर डोकं टाकून, शेजारीपाजारी ऐकतील ह्याची पर्वा न करता. सौंदर्याही रडत होती. तिचा हात सासूच्या डोक्यावर तसाच होता, काढायचा राहून गेलेला. ॲनिमोन जगेल का ते मला कोणी विचारलं नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं. राजशेखरनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि आम्ही दोघं खाली मान घालून पाणी बदलत राहिलो.

तिसरी बादली भरेपर्यंत मल्लव्वाचं रडणं थोडं ओसरलं. तिनं पदरानं आधी सुनेचं तोंड पुसलं, मग आपलं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “यव्वा, लई बरं केलंस ओतलंस ते.”